मला खाली उतरवा

लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे, आणि पाठ फिरली की रिव्हर्सताई. हे नाव कुणी पाडलं ते तिला ठाऊक होतं, पण ती त्यावर कधी चिडली नाही. मिळालेली बढती परत करणारं माणूस कंपनीने तोवर पाहिलं नव्हतं. अशा माणसाला लोक नावं ठेवणारच, त्यातल्या त्यात हे बरं आहे, असं तिचं म्हणणं.

तिचे वडील कापडाच्या दुकानात विक्रेते होते. दिवसभर उभं राहून ठाण उलगडायचं, गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की परत गुंडाळायचं. दुकानात खुर्ची एकच, ती मालकाची. संध्याकाळी घरी आले की ते गरम पाण्यात पाय सोडून बसत, पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा दाबत आणि मुलीला सांगत, "बाकी काहीही कर, पण बसून करायचं काम धर." मुलगी फार आज्ञाधारक होती असं नाही, पण पहिली नोकरी लागली ती बसायचीच. लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे. समोर टेबल, डोक्यावर पंखा, पाठ टेकायला खुर्ची. वडील मुद्दाम एकदा येऊन ती खुर्ची बघून गेले. कापडाचा पोत बघावा तसा त्यांनी खुर्चीच्या गादीवरून हात फिरवला आणि समाधानाने मान हलवली.

फोन करणारे बहुतेक जण दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेले असत. कोणी ओरडे, कोणी रडे, कोणी कंपनीच्या मालकाचा उद्धार करी. मेकॅनिक पोचेपर्यंत त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवायचं हे तिचं काम, आणि ते ती चांगलं करायची. एकदा मात्र एक वयस्कर गृहस्थ अडकले, ते अजिबात घाबरलेले नव्हते. लिफ्ट मध्येच थांबते म्हणजे आत नेमकं काय होतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. तिला सांगता येईना. "मेकॅनिक निघालाय" हेच ती फिरून फिरून म्हणत राहिली. शेवटी ते म्हणाले, "मेकॅनिक येईलच हो. पण मग तुम्ही तिथे कशाला बसलाय?"

त्यांनी सहज विचारलं होतं. तिला मात्र ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कंपनीतल्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकपुढे जाऊन उभी राहिली. त्याला सगळे काका म्हणत. काडीसारखा माणूस, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, आणि बोलणं असं की समोरच्याला कळायचं नाही हसावं की घाबरावं.

"मला लिफ्ट आतून बघायचीय," ती म्हणाली.

"आत अंधार असतो, ग्रीस असतं आणि उंदीर असतात."

"उंदीर आमच्या ऑफिसातही आहेत. काही तर हुद्द्यावर आहेत."

काका हसला आणि तिला घेऊन गेला. पुढची काही वर्षं तिने जेवणाच्या सुट्ट्या, मग रविवार, मग रीतसर शिक्षण आणि परीक्षा अशी खर्ची घातली. बाकीच्या मेकॅनिकांनी तिला टोमणे मारून पाहिले, तिच्या ओव्हरऑलचे खिसे शिवून पाहिले, एकदा मशीनच्या खोलीत बाहेरून कडीही घातली. तिने आतून मुख्य स्विच बंद केला आणि सगळ्या इमारतीची लिफ्ट थांबवून निवांत बसून राहिली. कडी लगेच निघाली. त्यानंतर तिच्या वाटेला कोणी गेलं नाही.

हे काम तिला मनापासून आवडायचं. लोकांना वाटे, तिला उंचीची नाहीतर धोक्याची हौस असेल. तसं काही नव्हतं. जुनी लिफ्ट थांबते तेव्हा तिची फळी आणि मजल्याची फरशी यांत बोटभर उंचवटा राहतो. म्हातारी माणसं त्यालाच अडखळतात. तो काढायला ब्रेक थोडा कसायचा, बघायचं, सैल करायचं, परत बघायचं. शेवटी ती बूट काढून, डोळे मिटून, दोन्हींवरून पाय फिरवायची. पायाला काहीच लागलं नाही की काम झालं. असं एखादं काम जमून आलं की घरी जाताना ती शीळ वाजवत जायची, आणि बेकरीत काम करणारा तिचा नवरा गल्लीच्या तोंडाशी शीळ ऐकूनच चहा टाकायचा.

मग तिला बढती मिळाली. सुपरवायझर. काचेची केबिन, दोन फोन, आणि वडिलांनी स्वप्नातही पाहिली नसेल अशी चाकांची खुर्ची. नवऱ्याने बेकरीतून मोठा केक आणला, वडिलांनी जुन्या दुकानात जाऊन मालकालाही बातमी सांगितली. तीही खूश होती. नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं.

पण केबिनमध्ये लिफ्ट नव्हती. कोण उशिरा आला, कोणाची रजा नाकारायची, कोणत्या गिऱ्हाइकाची समजूत घालायची, कोणावर खापर फोडायचं, हेच दिवसभर. ते दोन्ही फोन घरीही वाजायचे. जेवताना, अंघोळीला गेल्यावर, लेकीच्या शाळेतल्या नाटकात नेमकं तिचं वाक्य यायच्या वेळी. जी बाई अडकलेल्या अनोळखी माणसांशी तासन्‌तास गोड बोलायची, ती घरातल्यांवर डाफरायला लागली. शीळ कधी बंद पडली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

दर रविवारी सकाळी चौघं पत्ते खेळायची: ती, नवरा, लेक आणि शेजारच्या गल्लीत एकटे राहणारे वडील. सुपरवायझर झाल्यापासून तिची पानं बहुतेक वेळ टेबलावर उपडी पडलेली असत आणि ती गॅलरीत फोनवर. एका रविवारी ती फोन संपवून आत आली तेव्हा वडील पानं वाटत होते. नवऱ्याला एक, लेकीला एक, स्वतःला एक. परत नवऱ्याला. चौथ्या जागी त्यांचा हात जातच नव्हता. त्यांना राग आला होता असं नव्हे, कुणाला काही दाखवायचंही नव्हतं. हाताला सवय लागली होती, इतकंच.

बाजूला उभी राहून तिने तो डाव बघितला. सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली.

"मला खाली उतरवा," ती म्हणाली.

साहेब शाखेचे मुख्य. कामात चोख, स्वभावाने वाईट नाही, पण कोणी काही मागायला आलं की आधी घड्याळाकडे बघायची सवय. त्यांना वाटलं ती खालच्या मजल्यावरची केबिन मागतेय.

"मेकॅनिक करा परत. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या उभ्या बोगद्यात जाऊ द्या."

साहेब हसले. ती हसत नाही हे पाहून थांबले. "अहो, असं कुठे असतं? बढती एकदा दिली की दिली. काढून घेता येते, पण ती शिक्षा म्हणून."

"मग शिक्षा म्हणून घ्या."

"गुन्हा काय दाखवू?"

"दाखवा की, हिला काम करायला आवडतं."

साहेबांनी तिला चार दिवस विचार करायला सांगितलं. तिने ते चार दिवस घेतले आणि पाचव्या दिवशी तेच वाक्य परत म्हटलं. मग त्यांनी समजावून पाहिलं, धमकावून पाहिलं, तिच्या जागेसाठी बाहेर रांग लागलीय हेही सांगून पाहिलं.

"मग अडचण कुठेय? रांगेतला पहिला आत घ्या," ती म्हणाली.

घरी मात्र इतकं सोपं नव्हतं. नवरा दोन दिवस बेकरीतून मुद्दाम उशिरा आला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भट्टीवर सगळ्यांना सांगितलंय मी. आता काय सांगू?"

"सांग, बायकोचं डोकं फिरलं."

"ते त्यांना आधीपासून माहितीय," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. त्याच्याकडून विषय मिटला.

वडिलांकडून मिटला नाही. ते दारातच उभे राहिले, आत यायला तयार नव्हते. "मी उभा राहिलो म्हणून तू बसलीस," ते म्हणाले. "माझ्या पायांची काय दशा झालीय बघितलीस ना? आणि तू आपणहून उठतेस?"

"बाबा, खुर्ची तुम्हाला हवी होती. तुम्हाला ती मिळायला हवी होती, आणि त्या मालकाने दिली नाही याचा राग मला अजून आहे. पण मला नकोय ती. मी तिच्यावर बसून सुकत चाललेय, दिसत नाही का तुम्हाला?"

"मला एवढंच दिसतंय की माझी मुलगी वर जायचं सोडून खाली येतेय."

"बाबा, लिफ्ट नुसती वरच जात राहिली तर छप्पर फोडून बाहेर पडेल."

हे तिला बोलायला नको होतं. वडील तसेच मागे वळले. त्यानंतर कितीतरी रविवार ते आले नाहीत. तिघांत पत्त्यांना रंग येईना. मग एके दिवशी ते पत्त्यांचा जोड खिशात घालून हजर झाले, आपल्या जागी बसले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "पत्त्यांसाठी आलोय. तुझ्यासाठी नाही."

"कळलं," ती म्हणाली आणि पिसायला लागली.

कंपनीने तिला उतरवलं, आणि उतरवताना जमेल तेवढं दुखेल असं उतरवलं. गावाबाहेरच्या, सगळ्यात जुन्या, कुणाला नको असलेल्या लिफ्ट तिच्या वाट्याला दिल्या. तिच्या केबिनमध्ये तिनेच शिकवलेला एक चष्मेवाला मुलगा बसवला. तिला या कशाचंच वाईट वाटलं नाही. जुन्या लिफ्ट तिला आवडतच होत्या, आणि चष्मेवाल्याची तिला दया यायची. तिने फक्त एक अट सगळ्यांसमोर सांगितली. "माझी कामाची पाळी असेल त्या दिवशी कधीही बोलवा, तक्रार करणार नाही. पाळी नसताना बोलवू नका. माणूस अडकला असेल तर मात्र पाळीबिळी काही नाही, मी धावत येईन."

चष्मेवाल्याने ते नीट लक्षात ठेवलं. एका सुट्टीच्या दुपारी त्याचा फोन आला, "ताई, हॉटेलात माणूस अडकलाय." ती लेकीबरोबर पोहायच्या तलावावर होती. ओल्या केसांनी, तशीच रिक्षा करून, वाटेत लेकीला घरी सोडून आणि हत्यारांची पिशवी उचलून हॉटेलात पोचली. मागच्या दाराशी व्यवस्थापक उभा होता.

"कुठल्या मजल्यावर अडकलाय माणूस?"

"माणूस?" व्यवस्थापक म्हणाला. "चादरींची गाडी अडकलीय. धुलाईवाला खोळंबलाय."

तिने तरी सगळे मजले चढून प्रत्येक दाराला कान लावला. आत कोणी नव्हतं. दुरुस्ती जेमतेम पाव तासाची होती, हे तिला आवाजावरूनच कळलं होतं. तिने हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकली आणि चालू लागली. व्यवस्थापक मागे धावला. "अहो बाई, आलाच आहात तर करून जा की."

"मी माणसासाठी आले होते," ती म्हणाली. "चादरींना उद्यापर्यंत थांबायला काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांनी बोलावलं. चष्मेवाला कोपऱ्यात उभा, मान खाली. हॉटेल म्हणजे मोठं गिऱ्हाईक. साहेबांचा आवाज चढला होता.

"दारापर्यंत जाऊन परत आलात? वेळ किती लागला असता?"

"वेळेचा प्रश्न नाही. याने मला खोटं सांगून बोलावलं. उद्या खरंच कोणी आत गुदमरत असेल आणि याचा फोन येईल, तेव्हा मी घरातून निघताना आधी खरं-खोटं करत बसू का?"

"पाळीवाला आजारी होता. मग या मुलाने करायचं काय?"

"पाळीवाल्याच्या मागे दुसरा माणूस ठेवायचा. ठेवलाय कुठे? आपण आजवर ठेवलाच नाही, कारण कोणीतरी मुकाट्याने येतंच. मी त्या केबिनमध्ये होते तेव्हा मीही हेच करत होते, म्हणून मला माहितीय."

"तुमची नोकरी जाऊ शकते, कळतंय ना?"

"कळतंय. घालवा. पण हॉटेलवाल्याला आणि मला, दोघांनाही कारण एकच सांगा."

साहेब काही बोलणार तेवढ्यात दार वाजलं. काका होता, आणि त्याच्या मागे व्हरांड्यात सकाळच्या पाळीचे सगळे मेकॅनिक, हातात डबे, पिशव्या. काकाची निवृत्ती जवळ आली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, माझ्या बायकोने मला गेल्या कित्येक वर्षांत आख्खा रविवार घरी बघितलेलं नाही," तो म्हणाला. "तिला बघायची फार हौस आहे असं नाही. पण तिने ठरवावं ना ते. ताईची अट तीच माझी."

मागून कोणीतरी म्हणालं, "माझीही." मग आणखी कोणी. तिचे खिसे शिवणारा त्यांच्यातच होता.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. त्या दिवशी निकाल लागला नाही. पुढचे काही दिवस त्यांनी तिच्याकडे बघणं टाळलं, वरच्या ऑफिसशी बरेच फोन झाले, आणि मग एका सकाळी भिंतीवर नवीन वेळापत्रक लागलं. प्रत्येक पाळीला मागे दुसरा माणूस. खाली कोणाचे आभार मानलेले नव्हते. चष्मेवाला तिच्याजवळ येऊन पुटपुटला, "ताई, चुकलं माझं. आता मलाही रविवार मिळेल." ती म्हणाली, "मिळेल. पण परत खोटं बोललास तर तुला चादरींच्या गाडीत घालून वर पाठवीन."

तिला त्यानंतर बरीच वर्षं बढती विचारली गेली नाही. वर्षाच्या शेवटी जी शाबासकीची भाषणं होतात त्यांत तिचं नाव नसे. ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवी आणि जेवण झालं की पहिली निघे.

अशात लेकीच्या कॉलेजातून फोन आला. नोकरी-व्यवसायाचं मार्गदर्शन होतं, निरनिराळ्या क्षेत्रांतले पालक बोलणार होते, आणि लेकीने आईचं नाव फार पूर्वी देऊन ठेवलं होतं. तिथल्या बाई विचारत होत्या, "पद काय लिहू? सुपरवायझर ना?"

"लिफ्ट दुरुस्त करते, असं लिहा."

"निदान माजी सुपरवायझर?"

"नको. मग तुम्हाला त्याचं कारणही लिहावं लागेल, आणि जागा पुरायची नाही."

तिच्या आधी एका मोठ्या कंपनीचे अधिकारी बोलले. सूट छान होता. पहिली दहा वर्षं झोप विसरा, घर विसरा, मग जग तुमचं, असं त्यांनी सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने पहिलंच वाक्य त्यांच्याकडे बघून म्हटलं, "या साहेबांनी सांगितलं ते करू नका."

बाईंचा हात टेबलावरच्या घंटीवर गेला.

"घर दहा वर्षं विसरलं तर घरही तुम्हाला विसरतं," ती म्हणाली. "रागाने नाही, सवयीने. मी करून बघितलंय, मला दोनच वर्षं लागली. काम मन लावून करा. मी करते, माझ्याइतकी सपाट लिफ्ट या गावात कोणी थांबवत नाही, हे मी लाजत नाही सांगायला. पण कोणत्या कामाने तुम्ही शीळ घालत घरी येता ते आधी शोधा. आणि ते सापडलं की कोणी वर ओढायला लागलं तर विचारा, वर नेमकं काय आहे? तेच काम आहे की फक्त खुर्ची?"

मागून एका मुलाने विचारलं, "पण तुमची प्रगती थांबली, असं नाही का वाटत?"

"थांबली," ती म्हणाली. "मला हवी होती तिथे थांबली. थांबायच्या जागेवर बरोबर थांबवणं, हाच माझा धंदा आहे."

घंटी वाजली. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही मुलांनी वाजवल्या, काहींनी एकमेकांकडे बघितलं.

घरी येताना लेक म्हणाली, "आई, रागावू नकोस. मला खुर्ची आवडते."

"म्हणजे?"

"मला माणसं हाताळायला आवडतं. कोणी कुठे जायचं, कोणी काय करायचं, हे ठरवायला. नाटकात मला काम करण्यापेक्षा सगळ्यांची तालीम लावण्यात जास्त मजा यायची. तू ते वेळापत्रकाचं भांडण सांगितलंस ना, तेव्हा मला वाटलं, ते वेळापत्रक मी लावलं असतं तर पहिल्यापासून नीट लावलं असतं."

तिच्या डोळ्यांपुढे काचेची केबिन उभी राहिली, ते दोन फोन, उपडी पडलेली पानं. "तू ऐकलंस का मी आत्ता काय बोलले ते?"

"ऐकलं. शीळ घालत घरी यावं असं काम. मी त्याच्यावर शीळ घालीन."

तो दिवस आणि दुसरा दिवस ती घरात भांडी आपटत होती. नवऱ्याने एकदाच विचारलं, "तुझ्या बाबांसारखी दारात उभी राहणार आहेस का?" मग तिने आपटणं बंद केलं. रविवारी आजोबांना बातमी कळली तेव्हा त्यांनी हातातली पानं खाली ठेवली, नातीच्या पाठीवर थाप दिली आणि विजयी नजरेने मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "बघा, बघा हवं तेवढं. हिची निवड आहे, तुमची नाही. आणि हिच्या हाताखालच्या माणसांना हिने सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तर पहिली भांडायला मी जाईन."

"ये," लेक म्हणाली. "पण आधी वेळ घेऊन ये."

चष्मेवाला पुढे दुसऱ्या कंपनीत गेला. एका दुपारी ती जुन्या इमारतीत, तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं ठेवून आत गुडघ्यांवर बसली होती, तेव्हा साहेब स्वतः तिथे आले. इतक्या लांब ते कधी येत नसत. हात मागे बांधून थोडा वेळ बघत राहिले.

"केबिन रिकामी आहे," ते म्हणाले. "वरच्यांनीही तुमचंच नाव घेतलंय. या वेळी तुमच्या अटींवर."

"एकच फोन?"

"एकच."

"आणि लिफ्ट?"

साहेब गोंधळले. "लिफ्ट कशी असेल केबिनमध्ये?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. तिने पाना उचलला. "नाही, साहेब. काकाने निवृत्त व्हायच्या आधी एक जण तयार केलाय, त्याला विचारा. त्याला माणसं आवडतात."

साहेब तरी हलले नाहीत. त्यांना वरच्या मजल्यावर एका गिऱ्हाइकाला भेटायचं होतं आणि ते लिफ्टकडे बघत होते.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होईपर्यंत," ती म्हणाली आणि बूट काढायला लागली. "जिना तिकडे आहे, साहेब."